म्हापशाचं फिजिओ सेंटर आणि माझ्या भावाच्या गुडघ्याचं एक वर्ष

सेंटर पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण कुबड्या घेऊन येणाऱ्याला तेच आधी माहीत पाहिजे. एकवीस पायऱ्या, मध्ये एक वळण, कठडा एकाच बाजूला. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी माझ्या भावाला त्या चढायला दहा मिनिटं लागली, तो घामाघूम, मी मागून त्याची कंबर धरून, आणि वर दारात सेंटरच्या फिजिओ मॅडम उभ्या राहून सांगतायत, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, घाई करू नका कुणी मागे लागलेलं नाही. जागेबद्दल माझी मोठी तक्रार ही एवढीच.

बाकी हे सगळं मी अशा घरांसाठी लिहितेय जिथं फुटबॉल खेळणारा मुलगा आहे, त्याचा गुडघा गेलाय, आणि क्लब आता ठेवणार की सोडणार या काळजीनं कुणाला झोप नाही. आमचं गेलं वर्ष तसंच गेलं.

माझा धाकटा भाऊ, घरात आम्ही बाबूच म्हणतो, एकवीस वर्षांचा, डाव्या बाजूनं विंगर खेळतो. आम्ही डिचोलीचे. गोवा प्रो लीग म्हणजे राज्यातल्या वरच्या लीगमधल्या एका क्लबनं त्याला दोन वर्षांच्या करारावर घेतलं होतं, महिना पंधरा हजार, मे अखेरपर्यंत. बाहेरच्या माणसाला पंधरा हजार म्हणजे काय वाटेल, पण आमचे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले, परत सुरू झाल्या तेव्हा गेले आणि २०१८ ला परत बंद, त्यामुळे घरात दर महिन्याला ठरलेले पैसे येणं याची किंमत आम्हाला माहीत आहे. आणि पैशाच्या आधी बाबूचं फुटबॉल. सहा वर्षांचा असल्यापासून हा पोरगा शाळेतून आला की दप्तर अंगणात टाकून मैदानावर.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मॅच होती, परतीच्या पावसानं मैदान मऊ झालेलं. बाबू डावीकडून बॉल घेऊन आत वळला आणि पडला. कुणी लाथ मारली नाही, कुणी धक्काही दिला नाही, त्याच्या आसपास दोन मीटरवर माणूस नव्हता. बूट चिखलात रुतून राहिला आणि गुडघा वळला. तो म्हणतो टक् करून आवाज आला, काजूची सुकी फांदी मोडते तसा, आणि तो आवाज त्याला पुढे कित्येक महिने झोपेत ऐकू यायचा.

त्यानंतरचे तीन आठवडे आमचे फुकट गेले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आधी ज्या ठिकाणी नेलं (नाव लिहीत नाही, हे सेंटर नव्हे) तिथं बघितल्याबरोबर सांगितलं लचक आहे, आणि रोज वीस मिनिटं शेक आणि करंट. रोज. कुणी गुडघा हातात धरून पुढे ओढून बघितला नाही, कुणी एमआरआय काढा म्हटलं नाही. सूज उतरली म्हणून आम्हीपण खूश, आणि एक दिवस बाबू न्हाणीत नुसता वळला आणि गुडघा निसटला, तो भिंत धरून खालीच बसला. मग एमआरआय केला तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून धरणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे हाडांमधल्या गादीला, चीर. तुम्हाला म्हणून सांगते, खेळताना कुणी न मारता पडला, आवाज आला, आणि दोनतीन तासांत गुडघा टम्म सुजला, तर लचक या शब्दावर घरी येऊ नका, ऑर्थोपेडिककडे जा, गुडघा नीट तपासून घ्या आणि एमआरआयचं विचारा.

या सेंटरला आम्ही आलो ते ऑपरेशनच्या आधी, ओळखीच्या एका गोलकीपरनं सांगितलं म्हणून. मला वाटलेलं ऑपरेशनच्या आधी फिजिओचं काय काम. मॅडमनी बाबूला पाठीवर झोपवलं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि गुडघ्याखाली आपला तळहात सरकवला, उजव्या पायाखाली हात जात नव्हता, डाव्याखाली आरामात जात होता. म्हणाल्या हा पाय पूर्ण सरळ होत नाहीये, असाच ऑपरेशनला गेला तर नंतर सरळ करायला दुप्पट त्रास. मग टेप काढली, वाटीच्या दहा सेंटीमीटर वर पेनानं खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटीमीटरनं बारीक. एका महिन्यात! मी रोज त्याला बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. ते आकडे त्यांनी एका निळ्या दोनशे पानी वहीत लिहिले आणि वही आमच्या हातात दिली, म्हणाल्या ही तुमची, दर वेळी आणायची, मी विसरेन पण वही विसरणार नाही.

ती वही आता भरत आलीय.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचं टेंडन काढून त्याचं नवीन लिगामेंट केलं, त्याला ग्राफ्ट म्हणतात. हे ग्राफ्टचं प्रकरण आम्हाला कुणी नीट सांगितलं असेल तर मॅडमनी, आणि मला वाटतं सगळ्या रिहॅबचं मर्म त्यातच आहे. बसवलेला ग्राफ्ट पहिल्या दिवशी चांगला मजबूत असतो, पण त्याला रक्तपुरवठा नसतो. मग शरीर हळूहळू त्यात रक्तवाहिन्या घालतं, जुनं काढून नवीन विणतं, आणि हे चालू असताना मधले काही आठवडे तो बसवला तेव्हापेक्षाही कमजोर असतो. आणि नेमकं त्याच सुमाराला दुखणं गेलेलं असतं, सूज गेलेली असते, पोरगा जिने चढतो, स्कुटी चालवतो, आणि त्याला वाटतं मी बरा झालो. मॅडम म्हणाल्या मला दुखणाऱ्या पेशंटची भीती नाही, तिसऱ्या महिन्यात ज्याला काहीच दुखत नाही त्याची भीती आहे.

पहिल्या चार महिन्यांत आठवड्याला तीन दिवस आम्ही जात होतो. डिचोलीहून अस्नोड्यावरून म्हापसा, आधी कदंब बसनं मग माझ्या स्कुटीवर, मी दुकानातली दुपारची सुट्टी बदलून घेतली होती. सुरुवातीला व्यायाम बघून माझी निराशाच झाली, कारण मला वाटलेलं मोठी मशीनं असतील आणि इथं पोरगा झोपून नुसती मांडी आवळतोय, दहा सेकंद धर, सोड, दहा सेकंद धर, सोड. त्यांची एक असिस्टंट आहे, थिव्याची मुलगी, ती शेजारी बसून मोजायची आणि तिचं एकच वाक्य, "आनीक इल्लें, बाब, आनीक इल्लें," म्हणजे अजून थोडं. पहिल्या आठवड्यात मांडी आवळायचा हुकूमच पायापर्यंत पोचत नव्हता, बाबू जोर लावायचा, चेहरा लाल, आणि मांडी मेणासारखी पडून. तेव्हा त्यांनी करंटचं मशीन लावलं पण ते झोपवून शेकायला नव्हे, करंट आला की त्याच क्षणी स्वतः पण आवळायचं. नवव्या दिवशी वाटीच्या वर आतल्या बाजूला एक छोटा गोळा उठला आणि ती मुलगी ओरडलीच, आयलो, आयलो! आई त्या दिवशी सोबत होती, तिनं पदर डोळ्याला लावला.

मग सायकल, मग लेग प्रेस, मग एका पायावर बसणं-उठणं, चौथ्या महिन्यात पळणं, ते पण एक मिनिट पळ एक मिनिट चाल. सेंटरमध्ये हिरवी टर्फची पट्टी आहे पण जेमतेम आठ मीटर, पळायला उपयोगी नाही, ही दुसरी तक्रार म्हणा हवं तर. पळण्यासाठी त्या मुलांना सकाळी साडेसहाला जवळच्या मैदानावर बोलावतात आणि स्वतः येतात.

आता क्लबचं सांगते, कारण खरा कस तिथं लागला.

गोव्यात फुटबॉल म्हणजे काय हे गोवेकराला सांगायला नको, २०१२ पासून राज्याचा खेळच आहे तो. पण वरच्या पातळीवर गावच्या पोरांना जागा किती उरल्यात बघा. धेंपो पाच वेळा देशाचे चॅम्पियन झाले, साळगांवकर दोनदा, चर्चिल दोनदा, त्या टीमांत निम्मी पोरं आजूबाजूच्या गावांतली. २०१६ ला धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग म्हणजे देशाची लीग सोडली आणि एका फटक्यात किती दरवाजे बंद झाले. वर एफसी गोवा आहे, पण तिथं पोचेपर्यंत प्रो लीगमध्ये कुठंतरी खेळत राहायला हवं, दिसत राहायला हवं. एक सीझन घरी बसलेला विंगर कुणाच्या लक्षात राहतो? बाबूच्या पोझिशनवर मार्चपर्यंत क्लबनं दुसरा पोरगा आणला होता, एकोणीस वर्षांचा, चांगला खेळतो, त्याच्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही.

मी रात्री बसून नियम वाचले. फिफाच्या खेळाडू-ट्रान्सफरच्या नियमात कलम १८ आहे, त्यात लिहिलंय की करार मेडिकल पास होण्यावर अवलंबून ठेवता येत नाही, आणि सीझनच्या मध्यात करार एकतर्फी तोडता येत नाही असंही त्या नियमांत आहे. वाचून बरं वाटलं. पण बाबूचा करार तोडण्याचा प्रश्नच नव्हता, तो मे अखेरीला आपोआप संपणार होता, आणि संपलेला करार परत द्या असं सांगणारा नियम जगात कुठं नाही. देशाकडून खेळताना दुखापत झाली तर फिफा क्लबला खेळाडूचा पगार एका मर्यादेपर्यंत भरून देते, त्याला क्लब प्रोटेक्शन प्रोग्रॅम म्हणतात, पण ते मोठ्यांचं झालं. आमच्या क्लबनं मेपर्यंतचा पगार पूर्ण दिला, हे मी त्यांच्या बाजूनं लिहितेच. मग जूनमध्ये मॅनेजरचा फोन आला, पंधरा जुलैपर्यंत आम्हाला खेळाडूंची यादी ठरवायचीय, ऑगस्टमध्ये हा शेवटची वीस-तीस मिनिटं तरी खेळेल असं फिजिओचं पत्र आणा, मग बघू.

पंधरा जुलै म्हणजे ऑपरेशनला सात महिनेसुद्धा पूर्ण नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टेस्ट झाली. खुर्चीवर बसवून घोट्याला पट्टा बांधतात, पट्ट्याला जोर मोजायचं यंत्र, आणि पाय सरळ करायला पूर्ण ताकद लावायची, तीनदा उजवा, तीनदा डावा. डाव्याची ताकद उजव्याच्या ७१ टक्के निघाली. त्यांना निदान ९० पाहिजे. आणि त्या वर म्हणाल्या की उजवासुद्धा आठ महिने मॅच खेळलेला नाही, म्हणजे तो पण पहिल्यासारखा नाही, तेव्हा हे ७१ दिसतात तेवढे पण नाहीत.

मी त्यांच्याकडे पत्र मागितलं. खरं सांगते, मी नुसतं मागितलं नाही, मी त्यांच्या टेबलासमोर रडले. म्हटलं मॅडम तुम्ही फक्त फिट होईल असं लिहा, ऑगस्टला तो नाही खेळला तर नाही खेळला, एकदा यादीत नाव आलं की पुढचं पुढे बघू, तुमच्या एका ओळीनं माझ्या भावाचं वर्ष वाचतंय. त्यांनी मला पाणी दिलं. आणि म्हणाल्या, ताई, मी लिहिलं की हा पोरगा खेळणार, कारण पत्रात लिहिलंय म्हणून कोच उतरवणार आणि कोचनं उतरवलं म्हणून हा धावणार, कुणीच थांबणार नाही. मग एक अभ्यास सांगितला, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एसीएल झालेल्या खेळाडूंचा, २०१६ चा, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परत खेळणं एकेक महिना पुढे ढकललं तर गुडघा पुन्हा जायची शक्यता दर महिन्याला निम्म्यानं कमी होत जाते. आणि पंचविशीच्या आतली जी पोरं खेळात परत जातात त्यांच्यात साधारण चार-पाच जणांत एकाचं परत तुटतं, त्याच गुडघ्याचं नाहीतर दुसऱ्या. हे त्या मला घाबरवायला सांगत नव्हत्या, आवाज एकदम साधा होता. पण मी रागावूनच खाली उतरले. बाबू तर बोललाच नाही, अस्नोड्यापर्यंत मागे बसून एक शब्द नाही.

त्याच सेंटरमध्ये एक मुलगा येतो, नाव लिहीत नाही, बार्देशातलाच. पाचव्या महिन्यात गावच्या टुर्नामेंटमध्ये उतरला, बक्षीस मोठं होतं, मित्र म्हणाले दहा मिनिटं ये. परत ऑपरेशन. दोन वर्षं झाली त्याला. तो आणि बाबू शेजारी शेजारी सायकल मारतात. दोन दिवसांनी त्यानंच बाबूला सांगितलं की मला पण त्यांनी नाही म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. बाबूवर माझ्या आणि मॅडमच्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

आणि बाबांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं. त्यांचा आवडता खेळाडू ब्राझीलचा रोनाल्डो. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या गुडघ्याचं टेंडन फाटलं, एसीएल नव्हे, वाटीखालचं, आणि पाच महिन्यांत त्याच्या इटलीतल्या क्लबनं, इंटरनं, त्याला लाझिओविरुद्ध कपच्या फायनलला उतरवलं, १२ एप्रिल २०००, सातएक मिनिटांत तो पडला आणि टेंडन पूर्ण तुटलं. बाबा म्हणाले लोकांना २००२ चा वर्ल्ड कप आठवतो, आठ गोल आठवतात, पण मधली दोन वर्षं कुणाला आठवत नाहीत. बाबूच्या भिंतीवर नेमारचा फोटो आहे. २०२३ ला तो सौदीच्या अल हिलाल क्लबकडून नवी मुंबईत मुंबई सिटीविरुद्ध खेळायला येणार म्हणून बाबू आणि मित्रांनी जायचं सगळं ठरवलेलं, आणि मॅचच्या तीन आठवडे आधी, १७ ऑक्टोबरला, उरुग्वेमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचं एसीएल गेलं, हाच डावा गुडघा. तो एक वर्षानं परत आला, लगेच मांडीचा स्नायू गेला, जानेवारी २०२५ मध्ये करार संपवून ब्राझीलमधल्या सांतोस क्लबला परत. अल हिलालकडून एकूण सात मॅच. आणि दुसरीकडे लिव्हरपूलचा डिफेंडर व्हॅन डाइक, ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध गुडघा गेला, लिव्हरपूलनं घाई केली नाही, युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा पण त्यानं सोडली, पुढच्या ऑगस्टमध्ये परत आला तेव्हा क्लबनं पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी नवीन करार दिलेला. बाबू म्हणाला मी व्हॅन डाइक नाही, माझ्यासाठी कोण थांबणार. त्याला मी काय उत्तर देणार होते?

मॅडमनी पत्र दिलं. पण जसं मी मागितलं तसं नाही. एक पान, मराठीत आणि इंग्रजीत, त्यात ७१ चा आकडा तसाच, लपवलेला नाही. ऑगस्टमध्ये मॅच खेळू नये असं स्पष्ट. आणि त्याखाली महिन्यावार, जुलैमध्ये काय करू शकतो, ऑगस्टमध्ये टीमसोबत वॉर्मअप आणि पासिंग पण टॅकल नाही, सप्टेंबरच्या शेवटी परत टेस्ट, ९० आले तर पूर्ण सराव, त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी मॅच, पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं. आणि शेवटी स्वतःचा मोबाईल नंबर आणि एक ओळ, प्रशिक्षकांनी येऊन टेस्ट स्वतः बघावी.

आणि कोच खरंच आले. मॅनेजर नाही आले, कोच आले, एकवीस पायऱ्या चढून, शुक्रवारी संध्याकाळी, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळेना म्हणून उशिरा. मॅडमनी बाबूला ठोकळ्यावरून एका पायावर उडी मारायला सांगितली आणि मोबाईलवर शूटिंग केलं. डोळ्यांना ती उडी छान दिसली, मला पण. मग स्लो करून दाखवलं. पाय जमिनीला लागला आणि डावा गुडघा आत गेला, उजव्याकडे, जेमतेम बोटभर, पण आत. कोचनी ते तीनदा बघितलं. उजव्या पायाचं बघितलं, तो सरळ उतरत होता. परत डाव्याचं. मग म्हणाले, मैदानात हे मला दिसलंच नसतं, मी याला उतरवलं असतं. बराच वेळ गप्प बसले, आणि बाबूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, यादीत तू आत्ता नाहीस, पण सरावाला ये.

मी तेव्हा जिन्यात जाऊन परत रडले, पण या वेळी मॅडमवर राग नव्हता.

एक गोष्ट अजून, जी दुसऱ्या कुठल्या सेंटरात मी ऐकली नाही. मनाची पण टेस्ट घेतात. बारा प्रश्न असतात, परत गुडघा जाईल अशी भीती वाटते का, खेळताना गुडघ्याचाच विचार येतो का, असे, आणि शंभरपैकी मार्क. बाबूला पहिल्यांदा ३४ आले. घरात तो सगळ्यांना सांगत होता मी तयार आहे, मला सोडा, आणि कागदावर ३४. आम्हाला माहीतच नव्हतं की तो आवाज अजून त्याच्या झोपेत येतो. मॅडमनी त्याला भाषण दिलं नाही. एका रविवारी सकाळी मैदानावर नेलं, डाव्या बाजूला, आणि तोच वळसा चालत चालत घ्यायला लावला, बॉलशिवाय, वीस वेळा. पुढच्या रविवारी हळू पळत. मग बॉल घेऊन. मग समोर माणूस उभा करून, मग पावसात, मुद्दाम पावसात, ओल्या गवतावर. मी छत्री धरून उभी होते. पहिल्या ओल्या वळशाला तो थांबला, मान खाली, आणि ती थिव्याची मुलगी लांबून म्हणाली, "रावतात आमी, बाब. तूं यो." म्हणजे आम्ही थांबतो, तू ये. त्यानं चौथ्या खेपेला वळसा घेतला.

सप्टेंबरच्या शेवटच्या टेस्टला ताकद ९१ टक्के, उड्या चारही प्रकारच्या ९० च्या वर, मांडीतला फरक पाऊण सेंटीमीटर, आणि बारा प्रश्नांचे ७२.

क्लबनं ऑक्टोबर ते मे असा करार दिलाय. पगार आधीपेक्षा कमी, दहा हजार, आणि त्याच्या जागी तो एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्या अकरात आहे, बाबूला आता त्याच्या मागून वर यायचंय. मेनंतर काय, ते कुणीच सांगितलेलं नाही. पण गुडघ्याचा खरा आकडा माहीत असताना क्लबनं ही सही केलीय, यात कुणाला फसवलेलं नाही, आणि म्हणूनच बाबू सरावाला जाताना ताठ मानेनं जातो. जुलैत मला पाहिजे होतं तसं पत्र मिळालं असतं तर या घडीला तो परत ऑपरेशन झालेल्या त्या मुलाच्या शेजारी सायकलवर असू शकला असता, हा विचार मला रोज एकदा तरी येतो.

आता कामाची माहिती. पहिली तपासणी ८००, नंतर एका सेशनचे ६००, दहाचं पॅकेज ५०००. आमची सगळी मिळून शंभरच्या आसपास सेशन झाली, म्हणजे पन्नास हजारांच्या घरात खर्च, दहा महिन्यांत विभागून. थोडे नाहीत हे पैसे, पण सहाव्या महिन्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं आता आठवड्याला दोनदा पुरे, बाकी घरी करा, वहीत लिहून आणा. मैदानावरच्या रविवारचे वेगळे पैसे घेतले नाहीत. ऑनलाइन पेमेंट चालतं, पावती मागून घ्यावी लागते. फोन पटकन उचलत नाहीत, मेसेज टाका, रात्री उत्तर येतं. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, आम्ही पाऊण पाऊण तास थांबलोय आणि बसायला चारच खुर्च्या, त्यामुळे पाय ताजा ऑपरेशनचा असेल तर सकाळचीच वेळ घ्या. शुक्रवार टाळा, बाजाराच्या दिवशी गाडी लावायलाच अर्धा तास जातो. बसनं येत असाल तर स्टँडवरून चालत दहा मिनिटं, कुबड्या असतील तर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) नको, रिक्षा करा. खाली कोपऱ्यावर मिक्स भाजी-पाव चांगला मिळतो, सेशननंतर बाबू दोन प्लेट खातो.

आणि जिन्यात ट्यूब गेलीय एका महिन्यापासून, मी दोनदा सांगितलंय, वळणावर संध्याकाळी काही दिसत नाही. ती बदलली की इथं परत लिहीन. बाबूची पुढची टेस्ट पुढच्या मंगळवारी आहे, त्यानंतर मॅचमधल्या वीस मिनिटांचं बघणार आहेत.